गॅलरीचा पास आणि दारावरचा पहारा

लोकसभेचे कामकाज प्रेक्षक गॅलरीत बसून पाहायचे, तर खासदाराची सही लागते. पासाच्या अर्जावर खासदार लिहून देतो की हा माणूस माझा नातलग आहे, स्नेही आहे किंवा माझ्या व्यक्तिशः ओळखीचा आहे आणि त्याची संपूर्ण जबाबदारी मी घेतो. मतदारसंघातून दिल्ली पाहायला आलेली मंडळी असोत की कार्यकर्त्याचा मेहुणा, सगळे याच हमीवर आत जातात. मेटल डिटेक्टर आणि कॅमेरे फार नंतरचे. ही हमी त्यांच्या कितीतरी आधीची आहे आणि तिचे कूळ थेट लंडनला जाऊन मिळते.

अठराव्या शतकातल्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये बाहेरच्यांना नियमाने मनाई होती, तरी गॅलरी भरलेली असे. आत जायला एखाद्या सदस्याची ओळख लागे, नाहीतर चिरीमिरी. १७८२ मध्ये इंग्लंड पाहायला आलेला जर्मन प्रवासी कार्ल फिलिप मॉरित्झ ओळखीवाचून दाराशी गेला आणि परत फिरवला गेला. दारवानाला काय हवे आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. पुढच्या वेळी त्याने दोन शिलिंग हातावर ठेवले आणि दार उघडले.

आत गेलेला माणूस मात्र सदस्यांच्या मर्जीवर बसलेला असे. कुणाही सदस्याने उठून ‘मला परके दिसताहेत’ एवढे म्हटले की गॅलरी रिकामी करावी लागे. १८७५ मध्ये जोसेफ बिगर या आयरिश सदस्याने हे अस्त्र काढले, तेव्हा गॅलरीत खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स बसला होता. युवराजालाही उठून जावे लागले! त्यानंतर नियम बदलला आणि एका सदस्याच्या शब्दाऐवजी सभागृहाचा कौल घेण्याची रीत आली. सभागृहाबाहेरची लॉबी तर त्याहून मोकळी होती. ११ मे १८१२ रोजी पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल याच लॉबीत गोळी लागून मेला. मारेकरी सरकारवर चिडलेला एक व्यापारी होता आणि लोकांत मिसळून तो तिथे वाट पाहत थांबला होता.

भारतात कायदेमंडळे आली ती हा सगळा सरंजाम बरोबर घेऊनच. दिल्लीत लुटियन्स आणि बेकर यांनी उभारलेल्या गोल इमारतीचे उद्घाटन जानेवारी १९२७ मध्ये झाले आणि तिच्यात प्रेक्षकांसाठी गॅलऱ्या होत्या. तिथे भरणाऱ्या मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष होते विठ्ठलभाई पटेल. मुंबईत वकिली केलेले आणि मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले विठ्ठलभाई १९२५ मध्ये निवडून अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. सभागृहाचे कचेरीकाम सरकारच्या खात्याकडून काढून स्वतंत्र सचिवालयाकडे यावे, हा त्यांचा आग्रह जानेवारी १९२९ मध्ये फळाला आला.

पुढे तीनच महिन्यांनी, ८ एप्रिल १९२९ रोजी, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त पास घेऊन प्रेक्षक गॅलरीत बसले. पासांची व्यवस्था त्यांचे सहकारी जयदेव कपूर यांनी केली होती. विठ्ठलभाई पब्लिक सेफ्टी बिलावरचा निर्णय द्यायला उभे राहत होते आणि गॅलरीत सायमन कमिशनचे सर जॉन सायमनही हजर होते. तेवढ्यात रिकाम्या जागेकडे दोन बॉम्ब फेकले गेले, पत्रके उधळली गेली आणि दोघे पळून न जाता तिथेच उभे राहिले. कुणाचा जीव गेला नाही, जावा असा हेतूही नव्हता. पण त्या दिवसापासून गॅलरीकडे पाहण्याची नजर बदलली.

सरकारला यावरचा उपाय सरळ दिसला: पोलीस आणा. विठ्ठलभाईंना त्यातच धोका दिसला. जिथे सरकारला जाब विचारायचा, तिथल्या दारात सरकारचाच शिपाई उभा राहिला, तर कुणाला आत सोडायचे आणि कुणाला अडवायचे हे सरकार ठरवणार. ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच तपासनिसाच्या दारावर आपला गडी बसवावा, तसला हा प्रकार. म्हणून सभागृहाचा पहारा सभागृहाचाच असावा, ही कल्पना त्यांनी मांडली. ‘वॉच अँड वॉर्ड’ या पथकाचा जन्म ३ सप्टेंबर १९२९ चा मानतात. तरीही सरकारने पोलीस आत ठेवायचा हट्ट सोडला नाही. तेव्हा १९३० च्या आरंभी विठ्ठलभाईंनी प्रेक्षक गॅलऱ्याच बंद करण्याचा हुकूम दिला. आवारातला पहारा माझ्या हुकमाखाली नसेल, तर प्रेक्षकही नकोत! अखेर तडजोड होऊन आवारातल्या पहाऱ्यावरचा अध्यक्षांचा अधिकार मानला गेला.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था तशीच पुढे चालली. बाहेरच्यांना प्रवेश कसा द्यायचा आणि गॅलरी केव्हा रिकामी करायची, हे लोकसभेच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष ठरवतात. गॅलरीतून घोषणा देणाऱ्याला, पत्रके फेकणाऱ्याला सभागृह स्वतः शिक्षा सुनावू शकते आणि तसे अनेकदा झालेही आहे. वॉच अँड वॉर्डचे कर्मचारी शस्त्र बाळगत नसत. खासदार आणि त्यांची माणसे चेहऱ्याने ओळखणे हीच त्यांची विद्या.

१३ डिसेंबर २००१ ला या विद्येची परीक्षा झाली. पाच दहशतवादी गृहमंत्रालयाचे स्टिकर लावलेल्या, लाल दिव्याच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधून आवारात शिरले. पहारा चेहरा ओळखत होता, म्हणून त्यांनी स्टिकर पुढे केले. वॉच अँड वॉर्डचे जगदीश प्रसाद यादव गाडीचा संशय येताच निःशस्त्र असूनही तिच्यामागे धावले. ते, त्यांचे सहकारी मातबरसिंग नेगी आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी त्या दिवशी मारले गेले. तिघांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. त्यानंतर आवाराभोवती अडथळे आणि सशस्त्र जवान वाढत गेले, आणि २००९ मध्ये वॉच अँड वॉर्डचे नावही बदलून ‘पार्लमेंट सिक्युरिटी सर्व्हिस’ झाले.

बरोबर बावीस वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ रोजी, नव्या संसद भवनाच्या गॅलरीतून दोन तरुणांनी सभागृहात उड्या मारल्या आणि बुटांत लपवलेल्या नळकांड्यांतून पिवळा धूर सोडला. दोघांचे पास एका खासदाराच्या शिफारशीवर निघालेले होते. अर्जावरची हमी शाबूत होती, फसला होता तिच्यावरचा विश्वास. यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, अशी विरोधकांची मागणी होती. संसद भवनाची सुरक्षा लोकसभा सचिवालयाच्या अखत्यारीत येते, असे अध्यक्षांनी सांगितले. विठ्ठलभाईंनी सरकारला दूर ठेवण्यासाठी घडवलेले तत्त्व सरकारला उत्तरातून मोकळे करायला कामी आले. या मागणीवरून गदारोळ होऊन त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. आणि मे २०२४ मध्ये संसद भवनाच्या सुरक्षेचे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेले. हे दल गृहमंत्रालयाचे आहे.

मुंबईत अध्यक्षांच्या या अधिकाराची दुसरी बाजू दिसली. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. दुसऱ्याच दिवशी विधानसभा अध्यक्षांनी आमदार, त्यांचे स्वीय सहायक आणि सरकारी अधिकारी सोडून इतरांना प्रवेश बंद केल्याचे जाहीर केले. ज्यांच्या शब्दावर माणसे आत आली होती, त्या आमदारांचा प्रवेश चालू राहिला. बंद झाला तो सामान्य अभ्यागताचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यसभेचे विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खर्गे यांनी सुरक्षा दलाचे जवान सभागृहाच्या वेलमध्ये, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत, धावून आल्याची तक्रार केली. ते जवान नव्हते, सभागृहाचेच मार्शल होते, असे उत्तर मिळाले. दोन्ही बाजूंनी विठ्ठलभाईंचा निकष मान्य केला, ही यातली मोलाची गोष्ट. आतला पहारेकरी कुणाचा असावा यावर वाद नव्हता, तो कुणाचा होता यावर होता.

दार किती कडक असावे हे काळाप्रमाणे बदलेल आणि बदलायलाही हवे. हत्यारे शोधायला यंत्र लागते, हल्ला परतवायला बंदूक लागते. पण पासावर सही करणारा आणि पहाऱ्याला हुकूम देणारा हे दोघे सभागृहापुढे उभे राहून उत्तर द्यायला बांधील असले पाहिजेत. तेवढे राहिले, तर कडक दारातूनही माणसे हक्काने आत जातील. नाहीतर प्रत्येक धोक्यानंतर सर्वांत सोपा उपाय एकच उरेल: प्रेक्षकाला बाहेर ठेवणे.