प्राणवायूचें माप



२०२० च्या सप्टेंबरांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम महाराष्ट्रांत निघाली आणि बोटाला लावावयाचा एक लहानसा चिमटा घरोघर परिचयाचा झाला. पुढील वर्षीं पेण तालुक्यांतील डोलवीच्या पोलाद-कारखान्यांतून प्राणवायूच्या टांक्या रुग्णालयांकडे रवाना झाल्या. धाटाव-रोह्याकडील आबालवृद्धांस प्राणवायूचें मोल त्या दिवसांत निराळें सांगावें लागलें नाहीं. परंतु ह्या चिमट्याची खरी कर्मभूमि शस्त्रक्रियागृह होय.

भूल देण्याची विद्या ह्या देशांत १८४७ सालीं आली. मात्र बेशुद्ध रोग्याची नाडी पाहावी कीं श्वास, हा वाद दीर्घकाळ चालला. त्याच्या निवाड्यासाठीं, मराठवाडा ज्यांत होता त्या निजामाच्या राज्यांत, हैदराबादेस १८८८ व १८८९ सालीं दोन समित्या बसल्या. तेथील डॉ. लॉरी ह्यांचा कौल श्वासाकडे होता. क्लोरोफॉर्म हृदयास थेट अपाय करीत नाहीं, हें त्यांचें मत १९११ सालीं लेव्ही ह्यांनीं प्रयोगानें खोडून काढलें. श्वासावर नजर ठेवा, हा उपदेश मात्र टिकला.

१२ जानेवारी १९२४ रोजीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक ह्यांनीं महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. ऐन वेळीं विजेचे दिवे गेले व शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें. त्या काळीं ओठांचा व नखांचा रंग हेंच प्राणवायूचें माप. कंदिलाच्या पिवळ्या उजेडांत तो रंग काय दिसणार? लख्ख उजेडांतही डोळा फसतो, हें १९४७ सालीं कॉमरो व बोटेल्हो ह्यांनीं दाखवून दिलें.

१९७४ सालीं जपानचे ताकुओ आओयागी ह्यांनीं नवी युक्ति जाहीर केली. तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश शरीराच्या पातळ भागांतून पाठवावयाचे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक कोणता किती शोषला जातो तें पाहावयाचें. त्यावरून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण कळतें.

ह्या मापाची विशेष गरज वृद्धांस. वयाबरोबर फुप्फुसांची लवचिकता ओसरते. बारीक श्वासनलिका लवकर मिटूं लागतात. त्यांत उताणें निजणें व भुलेची गुंगी ह्यांची भर पडली कीं फुप्फुसांचा कांहीं भाग हवेविना राहतो. मग भरपूर प्राणवायु द्यावा, असें कोणी म्हणेल. पण हवेंतील नत्रवायु रक्तांत फारसा शोषला जात नसल्यामुळें वायुकोशांस आधार देतो. निव्वळ प्राणवायु चटकन् शोषला जातो आणि कोश मिटतात. शिवाय जादा प्राणवायु चालू असतां चिमट्यावरील आंकडा शंभराजवळच राहतो व आंतील बिघाड झांकला जातो. जखम चिघळूं नये म्हणून श्वासनलिकेंत नळी घातलेल्या प्रौढ रोग्यांस ८० टक्के प्राणवायु द्यावा, अशी जोरदार शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं केली होती. २०१८ सालीं तिनेंच तिचा जोर कमी केला.

तात्पर्य, प्राणवायु कमी पडूं देऊं नये, तसा अकारण ओतूंही नये; आणि केवळ आंकडा पाहून निश्चिंत राहूं नये. विडी आधींच सोडणें, दीर्घ श्वसनाचा सराव करणें, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या अनुज्ञेनें लवकर उठून बसणें, ह्या गोष्टी कोणत्याही टांकींतून येत नाहींत. त्या रोग्यानें व त्याच्या घरच्यांनींच करावयाच्या आहेत.