आटे आणि लहरी

७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टनहून रेल्वेने बंब मदतीला आले. पण त्यांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांवरील नळांना बसेनात. १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी पाइपांच्या जोडांसाठी राष्ट्रीय मानक ठरले.

पुढे पोलिस आणि अग्निशमन दल यांच्या हाती बिनतारी संच आले. दोन संचांना परस्परांशी बोलायचे तर दोहोंची वारंवारता आणि संदेश पाठवण्याची पद्धत जुळावी लागते. म्हणजे येथेही आटे आलेच! पण प्रत्येक दलाने आपापल्या सोयीची यंत्रणा घेतली.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राचा दक्षिण मनोरा सकाळी ९.५९ ला कोसळला. १०.०७ च्या सुमारास पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इशारा आला, की उत्तर मनोराही टिकणार नाही. तो पोलिसांच्या वाहिनीवरच राहिला. अग्निशमन दलाच्या प्रमुखांना मिळाला नाही. १०.२८ ला तो मनोराही कोसळला. त्या दिवशी दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. सारे याच कारणाने गेले असे नाही. पण ती एकवीस मिनिटे मोलाची होती.

२०१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपत्कालीन सेवांसाठी ‘फर्स्टनेट’ हे सामाईक जाळे उभारायचे ठरवले. मात्र लहरी जुळल्या, तरी कोणती बातमी कोणी कोणाला द्यायची, हे माणसांनाच आणि संकट येण्याआधीच ठरवावे लागते.