सातबारा हा अपूर्णांक नव्हे

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला 'सातबारा' म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गाव नमुना ७ हा जमिनीवरील हक्कांचा, गाव नमुना १२ हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि क्रमांक जोडून नाव तयार झाले. त्यात बेरीज नाही, भागाकारही नाही.

हा साधा भेद संगणकाला मात्र शिकवावा लागला. १ मे १९६४ रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची 'बेसिक' ही भाषा प्रथम चालली. आरंभी तिला मजकूर छापता येई, पण चलात साठवता येत नसे. अक्षरमाला, म्हणजे 'स्ट्रिंग', साठवण्याची सोय पुढच्या आवृत्त्यांत आली आणि तिच्याबरोबर नवा पेच आला.

पुढे घरोघरी पोहोचलेल्या मायक्रोसॉफ्टच्या बेसिकला ७/१२ छापावयास सांगितले, तर उत्तर येई ०.५८३३... तेच अवतरणचिन्हांत दिले, तर ७/१२ जसेच्या तसे उमटे. ७ अधिक १२ म्हणजे १९. पण "७" अधिक "१२" म्हणजे "७१२". अधिकचिन्ह एकच, कामे दोन. गावाने बोलीत केले ते यांपैकी दुसरे!

"गट" या शब्दाला अवतरणाबाहेरचा ५२ जोडू पाहिल्यास यंत्र 'टाइप मिसमॅच' म्हणून अडून बसे. 'एसटीआर-डॉलर' या फलनाने आधी आकड्याचा मजकूर करावा लागे. त्यातही खोच होती: धन संख्येपुढे चिन्हासाठी एक मोकळी जागा राही. भारतीय शाळांत १९८४-८५ पासून 'क्लास' योजनेतून आलेल्या बीबीसी मायक्रोवर मात्र ही जागा सुटत नसे. शिवाय आकडा म्हणून साठवलेल्या ०९ चे शून्य गळून पडे. वाहनांच्या क्रमांकांत सांगलीचा १० आणि साताऱ्याचा ११ त्यातून सुखरूप सुटतात. शेजारच्या कोल्हापूरचा ०९ सुटत नाही.

जमिनीच्या दप्तरात ही जोडणी फार जुनी आहे. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झालेल्या ब्रिटिश मोजणीत प्रत्येक गावाची क्रमांकमाला स्वतंत्र असे. त्यामुळे ५२ नंबरचे शेत गावोगाव सापडे. गाव, तालुका आणि जिल्हा जोडल्याविना त्या आकड्याला अर्थ नव्हता. त्यातला मजकूर बदलेही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण साताऱ्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले. पत्त्यातील जिल्हा दोनदा बदलला, म्हणून बांध हलला नाही. क्रमांक बदलले ते वेगळ्या कारणाने: १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली योजना जिथे राबली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले.

खरा धोका वाटणीत आहे. समजा, दोन भावांत ५२/१/अ आणि ५२/१/ब असे हिस्से पडले. मजकुराचा आकडा करणारे बेसिकचे 'व्हॅल' हे फलन तिरप्या रेघेपाशी थांबते. दोन्ही हिस्से त्याच्या हाती दिले, तर दोन्ही वेळा उत्तर एकच येते: ५२.