धुराची नोंद, दुधाचा हिशेब

लंडनच्या मृत्युनोंदीतला एक आकडा मला अजूनही अस्वस्थ करतो. 13 डिसेंबर 1952 रोजी संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये 4,703 माणसं दगावली. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात दगावली होती 1,852. 5 ते 9 डिसेंबर शहरावर दाट धुरकं ठाण मांडून होतं. थंडी कडाक्याची, वारा पडलेला आणि घरोघरच्या शेगड्यांत हलक्या प्रतीचा कोळसा.

1954 च्या सरकारी अहवालाने सुमारे 4,000 बळी मान्य केले. मृत्यूंचं वाढलेलं प्रमाण मात्र पुढे काही महिने टिकलं होतं, आणि ते अहवालाने इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकलं. 2001 मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांच्या मते एकट्या इन्फ्लुएंझाने एवढे मृत्यू होणं शक्य नव्हतं. त्यांचा अंदाज 12,000 च्या घरात गेला.

धुरक्याच्या वेळी गृहनिर्माणमंत्री होते हॅरॉल्ड मॅकमिलन. नोव्हेंबर 1953 च्या त्यांच्या गोपनीय टिपणाचा आशय असा, की फारसं काही करता येणार नाही, पण आपण कामात गुंतलेले दिसलो पाहिजे.

ऑक्टोबर 1957 मध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा हेच मॅकमिलन पंतप्रधान होते. आगीतून सुटलेलं किरणोत्सारी आयोडीन चाऱ्यावाटे गायींच्या दुधात उतरत होतं, आणि दुधात ते किती चालेल याचं प्रमाणच ठरलेलं नव्हतं. ते घाईने ठरवलं गेलं, लिटरला 0.1 मायक्रोक्युरी. सुमारे 200 चौरस मैलांतलं दूध ओतून दिलं. त्या आयोडीनची मात्रा दर आठ दिवसांनी निम्मी होते, त्यामुळे हा उपाय चोख होता. या आगीचे बळी पुढे 1983 मध्ये काही डझन धरले गेले. तेही आगीतून सुटलेलं, पण आधी हिशेबातून निसटलेलं पोलोनियम धरल्यावर.

हे दोन आकडे शेजारी ठेवताना मी थबकतो. लंडनचे मृत्यू मोजलेले आहेत: माणूस गेला, नोंद झाली, नेहमीपेक्षा किती जास्त ते वजाबाकीने कळलं. विंडस्केलचे मृत्यू मात्रा आणि लोकसंख्या यांवरून काढलेले. त्यातला एकही मृत्यू बोट ठेवून दाखवता येत नाही. तरीही धुराचा धोका कैक पटींनी मोठा होता, याबद्दल मला शंका नाही. दूध काही दिवसांत थांबवलं. धुराविरुद्धचा कायदा यायला 1956 उजाडलं. कोळसा प्रत्येकाच्या घरात होता, अणुभट्टी मात्र सरकारची.

लपवाछपवी दोन्हीकडे झाली. धुराचे बळी इन्फ्लुएंझाच्या नावावर गेले. आगीच्या चौकशीचा पेनी अहवाल मॅकमिलननी दाबून ठेवला, कारण अमेरिकेशी अण्वस्त्र-सहकार्याची बोलणी बिघडण्याची भीती होती. लोकांपुढे आली ती नोव्हेंबरमधली सौम्य श्वेतपत्रिका. मूळ अहवाल जानेवारी 1988 मध्ये खुला झाला. मॅकमिलन डिसेंबर 1986 मध्येच वारले होते.