सुई, काढा आणि आईचा गुडघा

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आईनं जाहीर केलं, "मी गुडघ्याला सुया टोचून घेणार आहे." तिच्या भजनी मंडळातल्या एका काकूंना म्हणे ॲक्युपंक्चरनं आराम पडला, त्या आता जिना चढतात. झालं! आमच्या घरात भजनी मंडळाच्या निकालावर अपील नसतं.

माझी पहिली प्रतिक्रिया अगदीच इंजिनिअरी, म्हणजे उद्धट होती. "आई, ते सगळं थोतांड असतं." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू वाचलंयस का काही त्याबद्दल?" नव्हतं वाचलं. तिच्या काकूंना निदान अनुभव तरी होता, माझ्याकडे नुसतं मत होतं.

आणि प्रकरण नुसत्या वादाचं नव्हतं. आईच्या हृदयाची एक झडप कृत्रिम आहे. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी तिला जन्मभर घ्यायचीय. दर महिन्याला रक्त तपासायचं, आकडा वर-खाली झाला की डोस बदलायचा. अशा माणसानं सुया टोचून घ्याव्यात का? बरोबर काढे, चूर्णं दिली तर? म्हणून दोन वीकएंड बसून वाचून काढलं. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पहिला धक्का 'पाच हजार वर्षांच्या परंपरे'ला बसला. (आपल्याकडेही सगळं पाच हजार वर्षांचंच असतं, त्यामुळे मला जरा घरच्यासारखं वाटलं.) चीनमध्ये मावांगदुई इथे १९७३ साली एका थडग्यात रेशमावर आणि बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली वैद्यकाची हस्तलिखितं सापडली. ते थडगं इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद झालेलं. त्यांत शरीरातल्या ११ वाहिन्यांचं वर्णन आहे, वाळलेल्या वनस्पतीनं शेक द्यायची पद्धत आहे, पण सुया टोचायचा उल्लेख नाही. सुयांचं व्यवस्थित शास्त्र दिसतं ते 'ह्वांगदी नेईजिंग' या ग्रंथात, आणि तो साधारण इ.स.पूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकात संकलित झाला. म्हणजे दोन हजार वर्षं धरा. तीही काही कमी नाहीत.

पुढे सोंग राजवटीत, १०२७ च्या सुमारास, वांग वेईयी या वैद्यानं माणसाएवढे काशाचे पुतळे करवून घेतले. सुई टोचायच्या प्रत्येक जागी भोक. परीक्षेच्या वेळी म्हणे वरून मेण फासायचे, आत पाणी भरायचे आणि विद्यार्थ्यानं बरोबर जागी सुई खुपसली तर पाणी बाहेर यायचं. माझ्या माहितीतलं हे सगळ्यात जुनं युनिट टेस्टिंग. :-)

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चिनी लोकांनी ही विद्या अखंड जपली. तसंही नाही. १८२२ मध्ये खुद्द चिनी सम्राटानं राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर हद्दपार केलं. १९२९ मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढे पारंपरिक वैद्यक मोडीत काढायचा प्रस्ताव आला, तेव्हा वैद्य आणि औषधविक्रेते शांघायला जमले आणि त्यांनी इतकी ओरड केली की तो गुंडाळावा लागला. त्याच सुमारास छेंग दान-आन नावाच्या वैद्यानं जुन्या जाड्याभरड्या सुयांऐवजी बारीक सुया रूढ केल्या आणि टोचायच्या जागा आधुनिक शरीररचनेप्रमाणे, मज्जातंतूंच्या हिशेबानं पुन्हा आखल्या. मग १९५० च्या दशकात माओच्या सरकारनं हा सगळा पसारा एकत्र करून पाठ्यपुस्तकं आणि महाविद्यालयं काढली. देश प्रचंड आणि आधुनिक डॉक्टर थोडे, ही अडचण होतीच. आज आपण 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणतो ते बरंचसं याच काळात बांधलेलं आहे. लेगसी कोड जुना, पण रिलीज विसाव्या शतकातला.

पश्चिमेत याचा गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचा पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्याचं अपेंडिक्स काढावं लागलं. ऑपरेशन ॲक्युपंक्चरची भूल देऊन झालं, असं आजही लोक छातीठोकपणे सांगतात. पण रेस्टननं स्वतः २६ जुलैच्या लेखात लिहिलंय, की भूल नेहमीच्या इंजेक्शननंच दिली होती. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागलं, तेव्हा कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या आणि त्याला बरं वाटलं. एवढंच. पुढच्या वर्षी निक्सन चीनला जाऊन आले आणि या 'एवढंच'चं बघता बघता पुराण झालं.

आपला मराठी माणूस या गोष्टीत कुठे? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. मला उगाच वाटत होतं, की त्यांचा ॲक्युपंक्चरशी संबंध असणार, कारण लुधियानात त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालयही आहे. पण कोटणीस मुंबईत शिकलेले, चक्क ॲलोपॅथीचे सर्जन. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले.

असो. इतिहास झाला, पण गुडघ्याचं काय? २००६ मध्ये जर्मनीत गुडघेदुखीच्या सुमारे हजार रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तीन गट केले. एकाला रीतसर ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला डॉक्टरांची नेहमीची तपासणी आणि वेदनाशामक गोळ्या. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण अनुक्रमे ५३.१, ५१ आणि २९.१ टक्के.

हे आकडे मी चार-पाच वेळा वाचले. म्हणजे सुयांनी बरं वाटतं हे खरं, काकू खोटं बोलत नव्हत्या. पण सुई कुठे टोचली यानं जवळजवळ काही फरक पडत नाही. त्या पुतळ्यांवरची परीक्षा नापास होऊनही रुग्ण पास! म्हणूनच तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ॲक्युपंक्चरची सौम्य शिफारस केली, तर ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०२२ मध्ये देऊ नका असं सांगितलं.

काढ्यांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. वनौषधी ही औषधंच असतात, आणि औषध दोन्ही बाजूंनी काम करतं. चांगली बाजू म्हणजे थू यौयौ. मलेरियावर औषध शोधताना त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात एक कृती सापडली. त्यात छिंगहाओ ही वनस्पती उकळायला नाही, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेनं गुण नष्ट होत असणार. मग कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, १९७१ मध्ये तो प्राण्यांवर चालला, आणि त्यातून आलेल्या आर्टेमिसिनिनसाठी २०१५ मध्ये नोबेल मिळालं.

वाईट बाजू ब्रसेल्सची. १९९० च्या सुमारास तिथे वजन कमी करायच्या उपचारात 'फांग-जी' नावाची चिनी मुळी द्यायचे. गंमत (कसली गंमत!) अशी, की या नावानं दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. हवी होती ती सोडून ॲरिस्टोलोकिया आली. शंभरावर रुग्णांची, बहुतेक बायकाच, मूत्रपिंडं खराब झाली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. दोन वस्तूंना एकच नाव दिल्याचा बग आपण सगळ्यांनी केलाय. आपला फार तर सर्व्हर पडतो.

हे सगळं डोक्यात घेऊन आईबरोबर गेलो. त्याआधी तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रक्ताचा आकडा मर्यादेत आहे, वरवरच्या सुया चालतील, काळे-निळे डाग पडले तर घाबरू नका. ॲक्युपंक्चरवाल्यांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, सीलबंद पाकीट फोडून केसासारख्या बारीक सुया काढल्या. आई म्हणाली, मुंगी चावल्यासारखं होतं, मग नुसतं जड वाटतं. वीस मिनिटं ती चक्क झोपली.

निघताना त्यांनी पाच पुड्या दिल्या. "रक्ताभिसरण सुधारेल." पुडीवर नाव नाही. मी विचारलं, यात काय आहे? बाकीच्या नावांत एक तांग-क्वै निघालं. वॉरफेरिनबरोबर ते घेतल्यानं रक्त जास्तच पातळ झाल्याची नोंद आहे, हे मी आदल्याच रविवारी वाचलं होतं. वॉरफेरिनचं सांगितल्याबरोबर त्यांनी पुड्या परत घेतल्या. आईकडे बघितलं तर ती म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. आणि झाडपाल्यानं काय होतंय?"

चूक तिची एकटीची नाही. तिला आधीच्या कुठल्याच डॉक्टरांनी हे समजावलं नव्हतं, मीही नाही.

तेव्हा घरच्या कुणाला पहिल्यांदा जायचं असेल तर एवढं करा. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून निदान करून घ्या. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आणि परिषद आहे, नोंदणी विचारा. सुई आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटातलीच हवी, कारण एकीची दुसऱ्याला वापरून कावीळ पसरल्याची उदाहरणं आहेत. छातीवर, पाठीवर खोल टोचू देऊ नका, क्वचित का होईना फुप्फुसाला इजा होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, गरोदरपण, हे न विचारता सांगा. चालू औषधं परस्पर बंद करू नका. बिननावाची पुडी घेऊ नका. आणि किती बैठकांनंतर थांबायचं ते आधीच ठरवा.

आमच्या सहा बैठका झाल्या. आई आता एक मजला न थांबता चढते. सुयांनी, बरोबर सुरू केलेल्या व्यायामानं, की आठवड्यातून एकदा मुलगा गाडीतून घेऊन जातो, वाटेत गप्पा मारतो म्हणून, ते मला सांगता येणार नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "तुला कशाला हवंय ते? चढतेय ना मी?"

परवा तिनं भजनी मंडळात सगळ्यांना आपापल्या गोळ्यांची यादी पर्समध्ये ठेवायला लावली. त्या निकालावरही अपील नाही.