खडीच्या वाटेवरची सायकल

समोर उत्तम डांबरी सडक असतां ती सोडून खडीच्या वाटेनें मुद्दाम सायकल हांकणारा तरुण पाहिला म्हणजे आमच्या वयाच्या मनुष्यास प्रथम हसूं येतें. 'ग्रॅव्हल सायकलिंग' हा छंद हल्लीं बराच पसरला असून ती एक नवी टूम आहे असा सार्वत्रिक समज दिसतो. इतिहास चाळून पाहिला तर हा समज टिकत नाहीं.

सायकल वाढली ती मुळीं खडीवरच. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल पुढें आणली, तेव्हां डांबरी रस्ता इंग्लंडांतही विरळाच होता. भरीव रबराच्या धांवेवर बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होत. बेलफास्ट येथील डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली नळी बसविली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें, तें याच दुखण्यावर उतारा म्हणून.

अमेरिकेंतील सायकलस्वारांनीं निराळा उपाय योजिला. १८८० सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या संघानें चांगल्या रस्त्यांची चळवळ चालविली, १८९२ सालीं त्यासाठीं मासिक काढलें, आणि १८९३ सालीं तेथील सरकारास रस्त्यांच्या चौकशीची कचेरी उघडावी लागली. शहरी लोकांच्या करमणुकीसाठीं आपण कां कर द्यावे, असें कित्येक शेतकऱ्यांस वाटे. पुढें रस्ते सुधारले. परंतु १९०८ सालीं फोर्डची 'मॉडेल टी' मोटार आली आणि कांहीं वर्षांतच त्या रस्त्यांवर मोटारींचें राज्य सुरू झालें. झाड एकानें लावावें व फळें दुसऱ्यानें खावीं, तसा हा प्रकार झाला.

मग कडेला लोटलेला सायकलस्वार आडवाटेस लागला. १९१९ च्या मार्चअखेरीस 'वेफेअरर' या टोपणनांवानें लिहिणारे रॉबिन्सन हे वेल्समधील बर्विन डोंगर बर्फांतून सायकल ढकलीत ओलांडून गेले. त्या प्रवासाच्या वर्णनानें अनेकांस डोंगरवाटांचा नाद लागला. १९५५ सालीं लेमिन्स्टर येथें अशा वाटसरूंचें मंडळही निघालें. आपल्याकडे १९२३ सालीं मुंबईहून निघालेले हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे पारशी तरुण तर इराण व मेसोपोटेमियाच्या वाटा तुडवून १९२८ सालीं जगप्रदक्षिणा पुरी करून परतले. टस्कनीमधील पांढऱ्या मातीचे रस्ते वांचावे, या हेतूनें १९९७ सालीं गायोले येथें 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. एका शतकापूर्वीं पक्की सडक मागणाऱ्यांचेच हे वारस, आतां कच्ची वाट राखा म्हणूं लागले! २००६ सालीं कॅन्ससमधील एम्पोरिया येथून ३४ स्वार २०० मैलांच्या खडीच्या शर्यतीस निघाले, आणि २०२२ सालीं इटलींत या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली.

नवशिक्यानें प्रारंभ कसा करावा, याचें उत्तरही या इतिहासांतच आहे. पन्नाशी उलटल्यावर आम्ही एका कालव्याच्या मुरमाड वाटेवर हा प्रयोग केला आणि पहिल्याच दिवशीं आपटलों. कारण टायर दगडासारखे टणक फुगविले होते. डनलॉपचा धडा आम्ही वर्गांत सांगत असूं, पण अंगीं उतरला तो गुडघे फुटल्यावर. टायर सुमारें ४० मिलिमीटर रुंद असावा व त्यांत हवा बेताची असावी, म्हणजे तो खड्यावरून उडत नाहीं, खडा पोटांत घेतो. सुट्या खडीवर हँडल आवळून धरूं नये व पुढचा ब्रेक एकदम दाबूं नये. चढ न झेपल्यास खालीं उतरून चालावें. वेफेअररनेंही तेंच केलें, त्यांत कमीपणा नाहीं.

एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. ज्या खेड्यांतील मुलीस रोज याच खडींतून सायकल रेटीत शाळा गांठावी लागते, तिच्यापुढें आम्ही या वाटेच्या रमणीयतेचें गुणगान करूं लागलों तर ती आम्हांस वेडांत काढील, आणि तें योग्यच होईल. तिला पक्का रस्ता मिळालाच पाहिजे. आणि तो झाल्यावर मोटारींच्या गर्दींत तिची सायकल कडेच्या खडींत लोटली जाऊं नये, एवढें जरी आम्ही या इतिहासावरून शिकलों तरी पुष्कळ झालें.