बोनापार्टच्या पतनाचा मनोरा

चेन्नईस बदली होऊन आलेला मराठी मनुष्य पहिल्या मोठ्या सुटीत तंजावर पाहून येतो, हा आता परिपाठच झाला आहे. बृहदीश्वर, राजवाडा आणि सरस्वती महाल आटोपले की मान डोलावणारी एक बाहुली घेऊन तो परततो. वेस्ट मांबलममधील आमच्या बिऱ्हाडातही अशी बाहुली आहेच. परंतु तंजावरच्या मराठ्यांची सर्वांत विलक्षण वास्तू तंजावरात नाही. ती तेथून सुमारे ६५ किलोमीटरांवर, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी उभी आहे, आणि ती पाहण्यास फारसे कोणी जात नाही. आम्हीही चेन्नईत बरीच वर्षे काढल्यावरच गेलो.

रात्रीच्या गाडीने तंजावर, तेथून पट्टुकोट्टैची बस आणि पुढे किनाऱ्याकडे आणखी सुमारे २० किलोमीटर, असा हा प्रवास आहे. गावाचे नाव शरभेंद्रराजपट्टिनम. हे शरभेंद्र म्हणजे आपले सरफोजीराजे. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पिरास नवस करून झालेल्या धाकट्या मुलाचे नाव मालोजींनी शरीफजी ठेवले, अशी परंपरा आहे. भोसल्यांच्या घरातील ते नाव दक्षिणेत येऊन संस्कृत शरभ झाले. एका नावाने केलेला इतका लांबचा प्रवास आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

मनोरा षट्कोनी असून वर वर निमुळता होत जातो. कोणी त्याचे आठ मजले मोजतात, कोणी नऊ. उंची सुमारे ७५ फूट. प्रत्येक थरास कमानदार खिडक्या आणि बाहेर आलेली छज्जांची कड आहे. भोवती तट, तटाबाहेर खंदक. लांबून पाहावे तर एखादा पॅगोडा वाटावा, जवळ जावे तर किल्ला वाटावा. तमिळ लोकही ह्या वास्तूस ‘मनोरा’ असेच म्हणतात. हा कशाचा स्मारकस्तंभ, हे मात्र तेथील शिलालेख वाचल्यावाचून कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. फ्रान्सच्या नेपोलियन बोनापार्टचे पतन आणि ब्रिटिश शस्त्रांचा विजय ह्यांच्या स्मरणार्थ, ब्रिटिश राष्ट्राचे मित्र व दोस्त सरफोजी महाराज ह्यांनी तो उभारला, असा त्या लेखाचा आशय आहे. हा मजकूर इंग्रजी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि फारसी लिपीतील, अशा पाच भाषांत आहे.

कित्येक मार्गदर्शिकांत हे वॉटर्लूच्या विजयाचे स्मारक म्हणून सांगितलेले आढळते. शिलेवरील साल मात्र १८१४ आहे, आणि वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ रोजी. तेव्हा शिलेवरील पतन हे पहिले पतन होय: एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने सिंहासन सोडले आणि त्याची रवानगी एल्बा बेटावर झाली, ते. त्याच एप्रिलमध्ये पॅरिसच्या वांदोम चौकातील स्तंभावरून त्याचा पुतळा खाली उतरविण्यात आला. तिकडे एका स्तंभाचा माथा रिकामा झाला, आणि त्याची वार्ता जहाजांनी आफ्रिकेस वळसा घालीत इकडे पोहोचल्यावर दुसरा स्तंभ येथे वर चढू लागला. पुढे फेब्रुवारी १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून निसटला! आमच्या कचेरीत अशा प्रसंगी शुद्धिपत्रक काढावे लागले असते. येथे तसे काही झाले नाही. वॉटर्लूने राजांची लाज राखली.

आता मूळ प्रश्न. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाच्या, व्यंकोजींच्या, वंशातील राजाने परक्यांच्या विजयाचा स्तंभ का उभारावा? आमच्याबरोबर आलेल्या एका मराठी स्नेह्यांनी ‘खुशामत’ हा एकच शब्द उच्चारला आणि ते बसकडे चालू लागले. आम्हांस तो निकाल पुरता पटत नाही. सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. गादी चुलते अमरसिंगांकडे गेली असता कंपनीने ती १७९८ साली ह्यांस मिळवून दिली, आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार स्वतःकडे घेतला. राजांस वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, वसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ल्यापुरती सत्ता एवढे उरले. ज्यांस स्वतःचे युद्ध करण्याची मुभा नव्हती, त्यांनी दुसऱ्याच्या युद्धाचा स्तंभ बांधला. त्यात कृतज्ञता होती, सावधगिरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शिलेवर त्यांनी स्वतःस पेन्शनर म्हणविलेले नाही, मित्र म्हणविले आहे. आणि विलायतेचा जयजयकार करतानाही आपली मराठी सोडलेली नाही. तसे पाहिले तर त्याच राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा सारा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला होता. तो मजकूर सिद्ध केला चिटणीस बाबूरावांनी. (कारकुनी पेशाच्या माणसाने हे नाव सहसा विसरू नये.) दगडावरील मराठीत त्याच्याएवढा लांबलचक लेख आम्हांस दुसरा ठाऊक नाही. जो राजा एका भिंतीवर आपले कुळ लिहवितो आणि दुसरीवर आपल्या धन्यांचा विजय, त्यास एका शब्दात निकालात काढणे सोपे. पण सरकारी नोकरीत हयात घालविणाऱ्या आम्हांस तो अधिकार कितपत पोहोचतो?

नेपोलियन १८२१ च्या मे महिन्यात सेंट हेलेना बेटावर वारला. सरफोजीराजे १८३२ त गेले, आणि १८५५ त त्यांचे पुत्र शिवाजीराजे वारले, तेव्हा औरस पुत्र नाही म्हणून कंपनीने ती नावापुरती गादीही खालसा केली. ‘मित्र व दोस्त’ हे शब्द शिलेवर तसेच राहिले.

आम्ही गेलो तो दिवस उन्हाचा होता. मराठी लेखाची कित्येक अक्षरे झिजल्यामुळे बोटाने चाचपडत वाचावी लागली. जवळ दोन शाळकरी पोरे उभी होती. आम्ही काय वाचतो आहोत, असे त्यांनी तमिळमध्ये विचारले. आमच्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये आम्ही त्यांस नेपोलियनचे नाव सांगितले. ते त्यांस ठाऊक होते. सरफोजींचेही होते, कारण ते त्यांच्या गावाचेच नाव होते. मराठी मात्र काय, हे त्यांस आम्ही सांगेपर्यंत पट्टुकोट्टैची बस आली.